काटा खोटा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जुना म्हणा, खोटा म्हणू नका. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या बसलिंगाप्पांच्या दुकानात मी पंधरा वर्षं आजऱ्याचे काजू आणि तांदूळ मोजले. दरवर्षी तपासणी झाली, दरवर्षी शिक्का मिळाला. शेजारचे दुकानदारसुद्धा आपलं वजन माझ्यावर पडताळून घेत. तेव्हा छाती फुगायची माझी!

गेल्या दिवाळीत बसलिंगाप्पांच्या लेकीनं, दानेश्वरीनं, दुकान ऑनलाइन आणलं. नोकरी सोडून तिनं हा खटाटोप मांडला होता. अर्ध्या किलोचे पुडे खोक्यात भरून लांबलांबच्या गावांना जाऊ लागले. पण तिसऱ्याच आठवड्यात, जिच्यामार्फत ही ऑनलाइन विक्री चाले त्या कंपनीनं वीस खोकी परत पाठवली. त्यांच्या यंत्रावर नोंदवलेल्यापेक्षा जास्त वजन भरत होतं. असंच चालू राहिलं तर खातं बंद होणार होतं.

"अप्पा, काटा खोटा हाय ह्यो!" दानेश्वरी भर दुकानात ओरडली.

समोर झुंबरबाई उभ्या होत्या, माझ्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी तांदळाची पिशवी माझ्यावरून उचलली. "दुसऱ्या काट्यावर घाला की वो," म्हणाल्या. अहो, मी कमी दाखवत असतो तर फायदा तुमचाच होता! पण रागावलेल्या काट्याचं ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी नवा काटा आला आणि मला कोपऱ्यात ढकललं.

नव्या काट्यावर मोजलेली पुढची खोकीही परत आली. आता मात्र दानेश्वरी पुडे बांधताना अप्पांजवळ बसून राहिली.

"अप्पा, काट्यावरनं उतरल्यावर पुड्यात काय घातलासा?"

"मूठभर काजू. वर काय घालाय नको व्हय? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

दानेश्वरीनं कपाळावर हात मारला. त्या संध्याकाळी जेवताना बापलेक पोट धरून हसले. वरची मूठ बंद झाली, खातं वाचलं. मला आनंदच आहे.

पण झुंबरबाई अजून येतात. माझ्याकडे बघून नव्या गिऱ्हाइकांना सांगतात, "त्यो खोटा काटा बरं का." दानेश्वरी गल्ल्यावरच असते. ऐकते आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहते.

मित्रांनो, वस्तूला दोष देण्याआधी आपला हात तपासा. आणि कुणाला चारचौघांत खोटं ठरवलंत, तर तो खरा होता हेही चारचौघांतच सांगा.