हॅस्केलच्या दुकानातली हाळी

ऑर्विल हॅस्केलच्या बर्गरच्या दुकानात एक रीत होती. पॅटी हातातून जमिनीवर पडली की पाडणाऱ्याने मोठ्याने "गेली!" म्हणायचं. बाकीच्यांनी "जाऊ दे!" म्हणून साथ द्यायची आणि ती कचऱ्याच्या डब्यातच जाते ना, हे बघायचं. शाळकरी पोरं कामाला ठेवायची तर एवढी शिस्त हवीच, असं म्हाताऱ्या हॅस्केलचं म्हणणं. खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसणाऱ्या प्रोकॉपबाईंनासुद्धा ती हाळी पाठ होती. ओहायोतल्या त्या गावात तीस वर्षांत हॅस्केलच्या खाण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सिनेमावाले आले. बर्गर विकणाऱ्या पोरांची गंमत, घरातल्या सगळ्यांनी मिळून हसावं अशी. दुकान हॅस्केलचंच, त्याच्या नावाच्या पाटीसकट. नायकाला पॅटी काही उलटता येईना, म्हणून पडद्यावर हात तेवढे दुकानात काम करणाऱ्या ट्रेसा नोव्होट्नीचे घ्यायचे ठरले. ट्रेसा सतरा वर्षांची, तव्यावर हात बसलेली, अंगठ्यावर भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग. आठवडाभर पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

प्रसंग साधा होता. पॅटी खाली पडते, हात ती उचलून एप्रनला पुसतो आणि गुपचूप पावात घालतो. कॅमेरा सुरू झाला, पॅटी पडली आणि ट्रेसा ओरडली, "गेली!" मागे गिऱ्हाइकं म्हणून बसवलेले ड्वेन आणि कॉरीन, दुकानातले तिचेच सोबती, एका सुरात म्हणाले, "जाऊ दे!" पॅटी डब्यात. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तिने ओठ घट्ट मिटले, तर हात आपला डब्याकडेच वळला. जित्याची खोड, दुसरं काय!

दिग्दर्शक भला होता. ही पॅटी कुणी खाणार नाहीये, असं त्याने तिला शांतपणे समजावलं. ट्रेसाने हॅस्केलकडे पाहिलं.

"कर पोरी," तो म्हणाला. "सिनेमा आहे."

चौथ्या वेळी तिने केलं.

हिवाळ्यात सिनेमा गावातल्या थिएटरात लागला. अंगठ्यावरचा डाग सगळ्यांनी ओळखला आणि हसून हसून पोटं धरली. हॅस्केलही हसला, जरा उशिरा.

मग थट्टा सुरू झाली. "मला तव्यावरची दे बरं का, फरशीवरची नको." थट्टाच ती, पण काही पडल्याचा आवाज आला की टेबलांवरची तोंडं चावायची थांबत. कुणी "गेली!" म्हटलं की हशा पिके, म्हणून पोरांनी हाळी देणंच सोडलं. प्रोकॉपबाई तीन शनिवार फिरकल्या नाहीत. ट्रेसाला ते फार लागलं. म्हाताऱ्याची तीस वर्षांची अब्रू आपल्या दोन हातांनी पुसली, असं तिला वाटे. पडलेली पॅटी ती आता उंच धरून सगळ्यांना दाखवी आणि मगच टाकी.

एकदा हॅस्केलने तिला बाजूला घेतलं.

"दाखवू नकोस. दाखवायला लागलं की लोकांना वाटतं, इतके दिवस लपवत होतो."

"मग करू काय, मिस्टर हॅस्केल?"

"आधी करायचीस तेच."

चौथ्या शनिवारी प्रोकॉपबाई आल्या, खिडकीपाशी बसल्या आणि पेन्सिल काढली. गर्दी ऐन भरात होती. ट्रेसाच्या उलथन्यावरून पॅटी घसरली आणि चप्पकन खाली पडली. टेबलांवरची तोंडं चावायची थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही.

"गेली," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघाला.

ड्वेन आणि कॉरीन एकमेकांकडे बघत राहिले. हॅस्केलने तोंड उघडलं, पण त्याच्याआधीच खिडकीकडून आवाज आला.

"जाऊ दे," कोड्यावरची नजर न काढता प्रोकॉपबाई म्हणाल्या. "आणि माझी जरा खरपूस भाज."