साठ व्होल्टचं खेळणं

आमच्या घरात भांडण पेटलं की मी पोळ्या लाटायला बसते. हातात लाटणं असलेल्या बाईला कोणी मध्ये पडायला सांगत नाही. गेल्या वर्षी मी इतक्या पोळ्या लाटल्या की देवासची अर्धी गल्ली जेवून उठली असती.

भांडण मशिनींचं. एका बाजूला आमचे हे. मी नाव घेत नाही, पण सगळं देवास त्यांना विठोबा मिस्त्री म्हणतं, तुम्हीही म्हणा. दुसऱ्या बाजूला आमची एकुलती एक लेक अंकिता. तिने बी.कॉम. केलं, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला, आणि परीक्षेच्या दिवशी बापाच्या मागे कारखान्यात जाऊन रंधा मारत बसली. मी चार दिवस बोलले नाही तिच्याशी. मग तिने केलेला पाट पाहिला आणि बोलले. लाकडाचा हात रक्तातून येतो, त्याला मी काय करणार?

आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते तलवार धरायला नव्हे, तंबूचे खांब नि गाड्यांची चाकं करायला. त्या वेळचा एक वाकस अजून घरात आहे. लाकूड तासायचं हे जुनं हत्यार. दांडा कितीदा बदलला असेल, पातं तेच. आता त्याने कोणी काम करत नाही, पण तो ज्याच्या हाती तो घरचा मिस्त्री. तो द्यायचा दसऱ्याला, पूजेतून उचलून. ह्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की यंदाच्या दसऱ्याला वाकस देऊन मोकळा होणार. कोणाला, ते मात्र सांगितलं नाही. घेणारे दोनच. अंकिता, नाहीतर ह्यांचा पुतण्या विपुल. विपुलचं इंदूरला दुकान आहे, प्लायची कपाटं करतो. मुलगा वाईट नाही, पण काकांची री ओढायची त्याला भारी सवय.

अंकिताला तो वाकस हवा होता. तोंडाने बोलली नाही कधी, पण रोज तेलाच्या फडक्याने पुसायची. आईला एवढं कळतं.

अशात तिने साठ व्होल्टची बॅटरीची करवत आणली. गोल पात्याची, बिनवायरची, सोबत दोन बॅटऱ्या, एकेक चांगल्या विटेएवढी. ह्यांनी ती हातात घेऊन तोलली आणि परत ठेवली.

"वायरीच्या मशीनला भिंत दिवसभर जेवू घालते," हे म्हणाले. "ही डबा बांधून आलेली. डबा संपला की बाई घरी."

"पण बाबा, डबा घेऊन माणूस कुठेही जातो ना. भिंत उचलून कोण घेऊन जाणार?"

"आणि वजन बघ. हात उतरून जाईल."

"माझा हात आहे, उतरू द्या."

मी कणीक मळायला घेतली.

खरं सांगायचं तर दोघंही खरं बोलत होते, आणि हेच सगळ्यात त्रासाचं. कारखान्यात सागवानाच्या लांब लांब फळ्या चिरायच्या होत्या तेव्हा अंकिताची करवत थोड्या वेळात तापली, लाल दिवा मिचकावून गप्प बसली. ह्यांनी वायरीची लावली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत चालवली. चहा घेतानाही मिशीत हसत होते. मग पीपलरावां गावी एका शेतावर शेडचं छप्पर करायचं काम आलं. मीटर विहिरीपाशी, शेड पार टोकाला. वायरीला वायर जोडत नेली, तर तिथे पोचेपर्यंत करंटचा जीव गेलेला. मशीन कण्हायला लागली, जळका वास सुटला, आणि शिडी उतरताना ह्यांचा पाय त्याच वायरीत अडकला. थोडक्यात वाचले. अंकिता करवत हातात घेऊन वर चढली आणि सगळे वासे कापून खाली आली. त्या दिवशी ह्यांनी चहा घेतलाच नाही.

मी म्हटलं, "अहो, घरात कुकर आहे नि पातेलंही आहे. मी कधी त्यांची कुस्ती लावली का?" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाजीत साखर घातली.

मग धारचं काम आलं. मोरोपंतांचं. त्यांचे आजोबा संस्थानात मोठे अधिकारी. मोरोपंत स्वतः गणिताचे निवृत्त मास्तर, आणि घरच्या व्यंकटेशाच्या देवळाचे पुजारी. देवळाच्या दाराची जुनी चौकट वाळवीने खाल्ली होती. नवरात्राआधी नवी हवी. दाराच्या फळ्या दिवाळीनंतर लावल्या तरी चालतील म्हणाले.

ह्यांनी त्या चौकटीत जीव ओतला. जुनी चौकट बाहेरून मोजून घेतली, भिंतीत बसेल अशी अगदी नेमकी. पण लाकूड वापरलं जुन्यापेक्षा जाड. "देवाचं दार आहे, दणकट दिसलं पाहिजे," म्हणाले. विपुल म्हणाला, "वाह काका, एकदम राजवाडा!" चौकट बसली, खरंच सुरेख दिसत होती. लाकूड आतल्या बाजूला जाड झालं म्हणजे वाट तेवढी अरुंद झाली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि पालखी मोजायची तर ती गाभाऱ्याशेजारच्या खोलीत कुलपात. दसऱ्याशिवाय ती बाहेर निघत नाही, मग मोजणार कोण?

किरकोळ काम राहिलं होतं म्हणून नवमीला आम्ही धारलाच होतो. खंडेनवमीची अवजारांची पूजा मोरोपंतांनी देवळाच्या ओसरीवरच मांडायला सांगितली. मध्ये वाकस. त्याच्या बाजूला पटाशा, रंधे, हातकरवती, हातोडे. मग वायरीच्या मशिनी, वायरींची वेटोळी नीट वळून. विपुलनेही इंदूरहून आपल्या मशिनी आणल्या, त्यांना ह्यांनी स्वतःच्या हाताने वाकसाशेजारी जागा करून दिली. शेवटी अंकिता आपली करवत घेऊन आली, पुसून, पात्याला तेल लावून.

"ती काढ," हे म्हणाले. "अवजारांची पूजा आहे. खेळण्यांची नाही."

सगळ्यांदेखत म्हणाले. विपुल, मोरोपंत, पूजेला आलेल्या चार बायका. अंकिताने करवत उचलली आणि मागच्या पडवीत निघून गेली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले. त्या वेळी तो वाकस माझ्या हातात असता तर मी काय केलं असतं ते सांगत नाही, देवाचं दार होतं. पण वाकस कोणाला जाणार ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. रागावलं की माणसं जेवण टाकतात. माझ्या लेकीने पडवीत बसून दोन्ही बॅटऱ्या गच्च चार्ज करून ठेवल्या.

दसऱ्याला दुपार कलल्यावर पालखी सजली. झेंडूच्या माळा, भरजरी कापड, आत देव बसवलेला. धारच्या त्या गल्लीत मराठी घरं उरली आहेत थोडी, पण दसऱ्याला सगळे येतात, मराठी नि माळवी दोन्ही. गावाच्या वेशीबाहेर शमीच्या झाडाशी जायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. गोविंदाचा गजर झाला, पालखी उठली, दारापर्यंत आली, आणि अडकली.

मागे घेतली, पुन्हा आणली. दोन्ही अंगांनी कमी पडत होतं. जास्त नाही, बोट-दीड बोट.

बाहेरून एक जण ओरडला, "पंतजी, थोड़ी टेढ़ी कर लो ना!"

"देव वाकडा करून न्यावयाचा नसतो!" मोरोपंत कडाडले. "आणि एकदा पालखीत बसवलेला देव सीमोल्लंघनाआधी उतरवीतही नाहीत."

विपुल धावत ओसरीवर गेला. "काका, दोन मिनिट का काम है, मशीन लावतो." प्लग घेऊन भिंतीशी गेला आणि तसाच उभा राहिला. लाइन नव्हती. बाहेर देवीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघाल्या होत्या. उंच झांक्या तारांना लागू नयेत म्हणून त्या वेळी वीज बंद ठेवतात, दरवर्षीचंच आहे.

"तर मग पटाशी दे!" हे म्हणाले.

"मिस्त्री!" मोरोपंतांनी हात आडवा केला. "सीमोल्लंघन झाल्यावाचून पूजेतलं अवजार उठत नाही. तुम्हीच काल बसवलीत ना?"

झालं. अवजार उठल्याशिवाय पालखी निघत नाही, पालखी निघाल्याशिवाय अवजार उठत नाही. उन्हं देवळाच्या पायरीवरून उतरायला लागली. पालखीखालचे खांदे बदलले. लोक कुजबुजायला लागले. आमच्या ह्यांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर ह्या माणसाने दारं केली, आणि त्यांच्या हातच्या दाराने देव अडवला होता. कालचा माझा राग कुठे गेला कळलं नाही.

तेवढ्यात पडवीतून अंकिता आली. हातात ती करवत. बापासमोर उभी राहिली.

"बाबा, एक बात बताओ. हे अवजार आहे की खेळणं?"

तिने करवत त्यांच्यासमोर धरली.

"अवजार असेल तर आज याला पण नेम आहे, मी ठेवून देते. खेळणं असेल तर सांगा."

मोरोपंत गणिताचे मास्तर, त्यांना हिशोब आधी कळला. "पूजेत बसलं ते बांधलेलं. जे बसलंच नाही ते मोकळं," ते हळूच म्हणाले.

ह्यांनी करवतीकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खेळणं आहे. चालव!"

मग काय विचारता! पालखी आत मागे घेतली. रेघ मारायला सूत नव्हतं, तेही पूजेत. तर मोरोपंतांनी पूजेचा दोरा कुंकवात बुडवून दिला. अंकिताने एक टोक धरलं, ह्यांनी दुसरं, मधून दोरा ताणून सोडला. सागवानावर लाल सरळ रेघ उमटली. उरलेली एक सरळ पट्टी ह्यांनी रेघेला लावून दोन्ही हातांनी दाबून धरली, म्हणजे करवत तिच्या आधाराने चालेल. ज्या माणसाने कोणासाठी कधी पट्टी धरली नाही, तो पोरीसाठी धरून उभा होता.

आणि करवत गर्जली. देवळात घुमली. पालखी जिथून जाते तेवढ्याच उंचीत, कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत, बाहेरून एक काप, मग आत जाऊन तसाच दुसरा, दोन्ही मध्ये भेटले. वर-खाली आडवे काप. हाताने झटका दिला तशी लाकडाची लांब ढलपी सुटून तिच्या पायाशी पडली. एक बाजू झाली. बाहेर पोरांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या बाजूचा शेवटचा काप अर्ध्यावर असताना लाल दिवा मिचकावला. करवत थांबली.

कोणीतरी म्हणालं, "लो, गई." मी देवाकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, सांगत नव्हतो? पण ह्यांनी पट्टी सोडली नाही. मान न वळवता ओरडले, "विपुल, बघतोस काय! दुसरी बॅटरी दे तिला!"

विपुल पळत गेला, पळत आला. खट्‌ करून बॅटरी बसली, आणि करवत पुन्हा गर्जली. दुसरी ढलपी पडली तेव्हा अंकिताच्या केसांत, भुवयांत, पापण्यांवर सागवानाचा भुसा होता.

पालखी उठली. दारात आली. पालखी चौकटीतून सरळ, ताठ, झेंडूचं फूलही न चुरडता बाहेर आली. "गोविंदा! गोविंदा!" असा गजर झाला की झांक्यांचे ढोल ऐकू येईनात. एक माळवी म्हातारा फेटा सावरत म्हणाला, "वा री छोरी, भगवान को रास्तो काट दियो!" मी रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे? पदर भिजेपर्यंत रडले आणि पालखीमागे चालले.

शमीशी पोचलो तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. पूजा झाली, आपट्याची पानं लुटली. परत आलो, मोरोपंतांनी ओसरीवरच्या पूजेवर अक्षता टाकल्या आणि अवजारं मोकळी झाली. ह्यांनी पहिला हात वाकसाला घातला. दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला. विपुल आपणहून बाजूला सरकला, एवढं त्याचं श्रेय त्याला देते.

अंकिता सोनं घेऊन बापाच्या पाया पडायला वाकली. ह्यांनी तिला उठवलं आणि वाकस तिच्या हातात ठेवला. ती वाकस छातीशी धरून उभी राहिली. हे म्हणाले, "आणि ती तुझी करवत आण इकडे. कुंकू लावतो. पुढच्या वर्षीपासून ती वाकसाशेजारी बसेल."

"नको, बाबा."

"का ग? राग आहे अजून?"

"राग नाही. पण सगळीच पूजेत बसली तर दसऱ्याला अडलेलं दार कोण कापणार? आपल्या घरचं एक तरी अवजार मोकळं असू दे."

ओसरीवर सगळे ह्यांच्याकडे पाहू लागले. पूजेतलं स्थान नाकारलेलं ह्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मी मनातल्या मनात लाटणं शोधायला लागले. पण ह्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि सगळ्यांदेखत, कालच्याच जागी उभं राहून म्हणाले,

"बरं. मिस्त्री म्हणतील तसं."