पाठीवरची लाल खूण

लोर्नने एकोणिसावी जर्सी उलटी करून आईपुढे ठेवली. नेटी प्रोकोपिवने बोटांनी चाचपून उसवलेली जागा शोधली आणि सुई चालवायला घेतली. मानेच्या खाली, नंबराच्या वर, लाल अष्टकोनी तुकडा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'थांब'. हंगाम संपला की गावातल्या, बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या जर्सी धुऊन, त्यांवरच्या खुणा पक्क्या करून खोक्यात भरायचं काम तीस वर्षं तिच्याकडेच होतं. पाठ दिसली की धडक द्यायची नाही, एवढाच त्या खुणेचा अर्थ. मोठ्या खेळाडूंच्या पाठीवर ती नसते. त्यांना कळतं, असं धरून चालतात.

"हजार सामने खेळलास, पण सुईत दोरा ओवता येत नाही तुला," नेटी म्हणाली.

तो कसनुसा हसला. खिडकीबाहेर एप्रिलचा उशिराचा बर्फ भुरभुरत होता आणि धान्याचं उंच कोठार त्यात मधूनच विरघळून पुन्हा उभं राहत होतं. घरी येऊन तीन दिवस झाले, तरी आपण जागे आहोत की झोपेत, हे लोर्नला नीट कळत नव्हतं. डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं. पांढरंशुभ्र मैदान, कठड्याशी चकतीवर वाकलेला तो फिनलंडचा पोरगा, आर्तु केस्किनेन. मग सगळं पाण्याखाली घडावं तसं संथ व्हायचं, आवाज नाही की काही नाही. आर्तु अजून पडदे ओढलेल्या खोलीत पडून होता. त्याला उजेड सोसत नव्हता, फिनलंडमधल्या त्याच्या आईशी फोनवर दोन वाक्यंही पुरी बोलवत नव्हती.

त्याला दिलेल्या धडकेबद्दल लीगने लोर्नला आठ सामन्यांची बंदी घातली होती. चौकशीत त्याने सांगितलं होतं की आपण समोरून गेलो, आपल्याला त्याची छातीच दिसत होती, पोरगा ऐन वेळी वळला. चित्रफितीत नेमका त्या क्षणी पंच आडवा आला होता. संघाच्या वकिलाने तीच हकीकत लिहून अपील तयार केलं होतं. फक्त लोर्नची सही हवी होती, आज पाचच्या आत. अपील मान्य झालं तर बाद फेरी खेळायला मिळणार होती. छत्तिसाव्या वर्षी, कुरकुरत्या गुडघ्यांच्या बचावपटूला पुढचा हंगाम कोण देतो? चषक अजून एकदाही हाती आला नव्हता, आणि तो त्याला जिवापाड हवा होता.

"हे बघ," नेटीने सुटलेला दोरा बोटावर गुंडाळून दाखवला. "धुण्यात उसवतं. हाताची शिवण शेवटी."

"यंत्राचीही उसवते," तो बर्फाकडे बघत, अर्धवट तंद्रीत म्हणाला. "केस्किनेनच्या पाठीवर सत्तावन्न आहे ना, त्यातल्या साताचा कोपरा उसवला होता. दोरा लोंबत होता."

नेटीची सुई थांबली.

"केवढा?" तिने हळूच विचारलं.

"बोटभर."

बोलून झालं आणि मगच तो तंद्रीतून जागा झाला. स्टोव्हवर बीटाचं सार रटरटत होतं. नेटीने गाठ मारली. दोरा दाताने तोडला. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. लाजेने त्याचे कान तापले, लहानपणी तापायचे तसेच.

साडेचारला वकिलाचा फोन आला. कागद मिळाले का, सही झाली का, वेळ थोडा आहे, असं तो भराभर बोलत राहिला. लोर्नने त्याचं बोलणं संपू दिलं.

"सही करत नाही," तो म्हणाला. "मला त्याची पाठ दिसली होती."

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. नेटीने उठून साराखालची आच कमी केली, परत येऊन बसली आणि हात पुढे केला. फोन कानाशी तसाच धरून लोर्नने विसावी जर्सी उचलली, उलटी केली आणि तिच्या हातात दिली.