ताट धुऊन पिणं

"ताट धुऊन प्यायल्याशिवाय उठायचं नाही."

लग्न होऊन दोंडाईच्यात आले, त्या पहिल्या दुपारी सासूबाईंनी, धनकुंवरबाईंनी, मला हे सांगितलं. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी घ्यायचं, बोटाने कडा निपटायच्या आणि ते पिऊन टाकायचं. उष्टं पडून राहिलं की त्यात जीव होतात, म्हणून. माझं माहेर भडगावचं, आम्हीही जैनच, पण आमच्याकडे एवढं कुणी पाळत नव्हतं. पहिले काही दिवस मला ते पाणी गिळवत नसे. पुढे सवय झाली.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना सासऱ्यांच्या पुण्यस्मरणाचं जेवण पुन्हा पुन्हा आठवे. त्या दिवशी, आमचा जैन संघ धर्मध्यानाला जमतो त्या स्थानकामागे कागदी ताटांचा ढीग पडला होता. अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, भातावर मुंग्या, आणि एक गाय आतून प्लॅस्टिक लावलेलं ताट चघळत उभी. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "माझ्यामागे संघाला जेवू घालाल. घाला. पण माझ्या नावाचा उकिरडा नको."

मी हो म्हटलं.

यंदा संवत्सरीनंतरच्या, म्हणजे वर्षभराची क्षमा मागायच्या दिवसानंतरच्या, रविवारचं संघाचं जेवण आमच्याकडे आलं, त्यांच्याच नावाने. बासष्ट घरं, तीनशेच्या आसपास माणसं. आमच्या ह्यांनी धुळ्याच्या दुकानदाराला कागदी ताटं-वाट्यांचं सांगूनही ठेवलं. संघाची स्टीलची ताटं घासायला माणूस मिळेना म्हणून केव्हाच मोडीत गेली होती. मी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, तर हे रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले की तीनशे ताटं घासायची म्हणजे पाण्याच्या जिवांची किती हिंसा, रोज नेम धरणाऱ्या बाईला हे मी सांगायला हवं का.

आंघोळीलाही मी मोजून पाणी घेते. त्यांचं म्हणणं दोन दिवस माझ्याबरोबर फिरत राहिलं.

भांडी घासायला येणाऱ्या बेबाबाईला मी सहज विचारलं, तुमच्या गावी पंगतीची भांडी कोण घासतं? ती राखेचा हात तसाच ठेवून हसली.

"कोन घासी? बठ्ठा आपापलं ताट-तांब्या घरनं लिसन येतस. इसरना तो भूक्या उठस."

पाहुण्यांना आपापलं ताट घरून आणायला सांगायचं, लाज नाही वाटत, मी विचारलं.

"लाज कसानी, अक्का? पोट आपलं शे, ते ताट बी आपलंच."

त्या दुपारी जेवून मी ताटात पाणी घेतलं, तेव्हा उत्तर माझ्या बोटांखाली होतं. ज्याचं ताट त्याने आणायचं, जेवून तिथेच धुऊन प्यायचं, पुसून घरी न्यायचं. घासायचं पाणी नाही, टाकायचं उष्टं नाही, ढीग नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गाव म्हणेल, प्रकाशचंदने जेवायला बोलावलं आणि ताट घरून आणायला लावलं." मग त्यांनी आपली अट सांगितली. ते कुणालाही सांगणार नाहीत. सांगायचं तर मीच घरोघर सांगायचं. एका घराने जरी नाही म्हटलं, तर शुक्रवारी धुळ्याहून माल येईल.

त्यांना माहीत होतं की मी घर आणि स्थानक सोडून कुठे जात नाही, आणि चार माणसांत माझा आवाज पुढच्या माणसापर्यंतही पोचत नाही.

सून विधी म्हणाली, मम्मीजी, मी ग्रुपवर मेसेज टाकते, दोन मिनिटांत बासष्ट घरं होतील. हल्ली क्षमा मागणंही तसंच होतं, हात जोडलेलं एक चित्र पाठवलं की झालं. मी नको म्हटलं. मेसेजला माणूस सहज नाही म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही.

संवत्सरीचा उपवास झाला. दुसऱ्या दिवशी पारणं केलं, ताट धुऊन प्यायले आणि सामायिकाला, रोजच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्यानाला, बसले. मग रोजच्यासारखे दिवसाचे नेम धरले. खायचे पदार्थ सात. वस्त्रं तीन. दिशा ठरवताना मात्र थांबले. आज किती लांब जायचं, ते रोज इथेच ठरतं, आणि इतकी वर्षं मी तेच बोलत आले होते: घर ते स्थानक. आज म्हटलं, रेल्वे स्टेशनपलीकडच्या शेवटच्या घरापर्यंत. वाहन, नाही.

हे ओट्यावर पेपर वाचत होते. आधी त्यांच्यापुढे हात जोडले, वर्षभरात मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. त्यांनीही पेपर खाली ठेवून हात जोडले.

विधी स्कूटीची किल्ली घेऊन आली. मी मानेनेच नको म्हटलं, पदर डोक्यावरून घेतला, आणि डावीकडे, स्थानकाच्या उलट्या बाजूला, पहिल्या घराकडे चालू लागले.