सतरा सेकंदांचा उस्ताद

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चुकीचा चालतो. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकली पाहिजे, असा जगभरचा नियम आहे. माझ्यात ती पाच सेंटिमीटरहून थोडी जास्त सरकते. फरक इतका लहान आहे की नुसत्या कानाला तो सहसा कळत नाही. मित्रांनो, त्या लहान फरकाने एका माणसाचं काय केलं, ते मला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी चाल बिनचूक होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. भीमनगरात राहणाऱ्या कडुबांनी लग्नाच्या वर्षी मला घरी आणलं. ते चिकलठाण्याच्या एका कंपनीत वायरमन होते आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवत. तीन वर्षांनी माझी मोटर जळाली. शहागंजातल्या एका मेकॅनिकने दुसऱ्याच सेटची मोटर काढून मला बसवली. तिच्या दांड्यावरची चकती माझ्या जुन्या चकतीपेक्षा किंचित मोठी होती, त्यामुळे फीत जलद सरकू लागली आणि आवाजही थोडा बारीक झाला. त्याने एक गाणं लावून पाहिलं, "एकदम ओके" म्हणाला आणि झाकण लावलं.

शंका आली ती फक्त कडुबांच्या बायकोला, लीलाबाईंना.

"अहो, हा टेप दुरुस्त होऊन आल्यापासून ह्याच्यात बाप्ये पोरांवानी गातात."

"तुला बाप्यांचं गाणं कवा आवडलं होतं?" कडुबा म्हणाले. विषय तिथेच संपला.

त्याच सुमारास माझ्यात एक नवी कॅसेट आली. लीलाबाईंचा भाऊ फर्दापूरला, अजिंठा पाहायला येणाऱ्या लोकांना रंगीत दगड विकायचा. एका परदेशी पाहुण्याने त्याच्याकडून गारगोटीचा एक खडा घेतला आणि जाताना कॅसेट भेट दिली. वरच्या कागदाची शाई पाण्याने धुऊन गेली होती. आत एक अमेरिकन गिटारवादक होता, रॉक अँड रोल नुकतं उभं राहत होतं त्या काळातला. नाव कोणालाच वाचता आलं नाही. कडुबांनी त्याला 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली.

मी हजारो गाणी वाजवली आहेत, पण असं गिटार माझ्यातून दुसरं गेलं नाही. गाण्याच्या सुरुवातीला उस्ताद एकटाच वाजवायचा. दोन तारा एकदम दाबून तो त्या वर ढकलायचा, त्यामुळे दोन सूर एकमेकांना घासत चढायचे. मग तो गाऊ लागायचा, आणि प्रत्येक ओळ संपली की गिटार तिला उत्तर द्यायचं. कधी तीच ओळ परत म्हणायचं, कधी चक्क तिची टिंगल करायचं. कडुबांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं. "हा तर आपल्या पार्टीवानीच हाय की," ते म्हणाले. "एकानं म्हणायचं न् कोरसनं उचलायचं. फक्त ह्याचा कोरस लाकडाचा हाय."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाने मोजलं. सुरुवातीचा तो तुकडा माझ्यावर सतरा सेकंदांत संपत होता. कडुबांनी तो एकेक सूर करून शिकून घेतला, आणि मग माझ्यावरच स्वतःचं वादन भरून तपासायला लागले. त्यांना अठरा सेकंद लागायचे. चार वर्षं ते रोज बसले. उस्तादच्या पट्टीला जुळवायला तारा जास्त ताणाव्या लागत, त्यामुळे सगळ्यांत बारीक तार सारखी तुटे. तुटलेल्या तारांनी लीलाबाई खिडकीतला दोडक्याचा वेल बांधत.

"सतरात बसलं का स्टेजवर वाजवतो," त्यांनी पार्टीला शब्द दिला होता. पार्टीच्या गायिका द्वारकाबाई वैतागायच्या.

"अठरा न् सतरा! कडुबाभाऊ, लोक काय समोर घड्याळ घिऊन बसत नाय."

"उस्ताद बसलाय ना, बाई."

एकदाच सतरा सेकंद झाले, पण त्यात तीन सूर सांडले. त्या संध्याकाळी कडुबांनी गिटार खोळीत घालून खिळ्याला टांगलं. "माझ्या बोटात ते नाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते पार्टीत नुसती ढोलकी वाजवायचे. मी कपाटावर गेलो आणि तीसेक वर्षं धूळ खात राहिलो.

या वर्षी घर आवरायचं ठरलं. गिटार फर्दापूरच्या प्रणयला, लीलाबाईंच्या भाच्याला, द्यायचं आणि मला भंगारात काढायचं. प्रणय रविवारी येणार होता. कडुबांची मुलगी करुणा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. भंगारात जाण्याआधी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, असं म्हणून शुक्रवारी तिने माझी धूळ पुसली, नवा पट्टा घातला आणि उस्तादची कॅसेट लावली. मोबाइलला ते गाणं काही केल्या ओळखता येईना. तेव्हा तिने गाण्यातले शब्द ऐकून ते लिहून शोधले. गाणं सापडलं, नावही सापडलं. पण मोबाइलवर उस्ताद जरा सावकाश वाजवत होता. तिने तीनदा मोजलं.

"पप्पा, उस्ताद सुरुवातीचा तुकडा किती सेकंदांत वाजवायचे?"

"सतरा. मला झोपेतून उठवून इचार."

"अठरा."

"तू कालची पोर. मी चार वर्षं घड्याळ लावून बसलोय."

तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला. कडुबांनी स्वतःच्या घड्याळात पाहिलं. "परत लाव," म्हणाले. पुन्हा अठरा. मग करुणाने माझ्यावर त्यांची जुनी कॅसेट लावली. तीही अठरा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जे मी स्वतः भरून घेतलं, ते मी बरोबर वाजवतो, कारण भरतानाची चूक आणि वाजवतानाची चूक एकमेकींना खोडतात. उस्ताद दुसऱ्या यंत्रावर भरलेला होता, म्हणून तो माझ्यावर पळायचा. कडुबा पळत नव्हते. ते उस्तादच्या बरोबरीनेच वाजवत होते.

करुणाने हे समजावून सांगितलं, तेव्हा आतून लीलाबाईंचा आवाज आला. "मी तवाच म्हणले होते, बाप्ये पोरांवानी गातात म्हणून!"

कडुबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "लीला," ते म्हणाले, "चार वर्षं मी ह्या डब्याच्या मोटरीसंगं शर्यत लावली गं."

रविवारी प्रणय आला, तेव्हा गिटार कडुबांच्या मांडीवर होतं. नव्या तारा होत्या, पूर्वीपेक्षा अर्धा सूर खाली उतरवलेल्या. बारीक तार तुटली नाही. त्यांनी तो तुकडा वाजवला. बोटं आता आखडली आहेत, एकवीस सेकंद लागले. पण दोन तारा घासत वर चढल्या, आणि एकही सूर सांडला नाही.

"आत्या, आता गिटार मागायचं कसं गं?" प्रणय हळूच म्हणाला.

"मागूच नको. चहा घे."

कडुबांनी द्वारकाबाईंना फोन लावला. "बाई, बुद्धपौर्णिमेला विहारात एकवीसमधी वाजवलं तर चालंल का?"

"भाऊ, मी कवाच सांगितलं. लोक घड्याळ घिऊन बसत नाय."

करुणा माझी मोटर बदलायला निघाली होती. कडुबांनी नको म्हटलं. त्यांच्या जुन्या कॅसेटी फक्त माझ्यावरच खऱ्या वाजतात. "मात्र वर लिहून लाव," म्हणाले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, मला पुरेसं जपलं आहे. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी एखाद्या यंत्राशी, घड्याळाशी किंवा निकालाशी स्वतःला मोजून मागे हटत असेल, तर ज्याने मोजलं तेही एकदा तपासून घ्या. मी तीस वर्षं कपाटावर होतो, आणि मला कोणीही तपासलं नाही.

आता माझ्या झाकणावर करुणाच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: 'हा टेप अठराचे सतरा करतो. ऐकणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये.'