मागच्या कोपऱ्यातली जागा

"नळी अर्धीच घाल," मन्सूर म्हणाला, तेव्हा परवीनच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

खडकीच्या पेट्रोल पंपाशेजारी परवीनची पीयूसीची गाडी उभी असे. आत धूर तपासायचं यंत्र, एक कॉम्प्युटर आणि परवीनचा राग, एवढाच ऐवज. येणाऱ्याला दाखला हवा असे, तपासणी नको असे. सायलेन्सरमध्ये नळी अर्धवट घातली की धुरात बाहेरची हवा मिसळते, आकडे शहाण्यासारखे वागतात आणि गाडी पास होते. धंद्यातली ही रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि परवीनही कुरकुरत ती पाळत आली होती. पण आज समोर सख्खा थोरला भाऊ होता आणि त्याची गाडी म्हणजे शाळेची व्हॅन. शाळेने बजावलं होतं, उद्या दाखला नसेल तर मुलं दुसऱ्या गाडीत. व्हॅन बंद म्हणजे मन्सूरच्या घरची चूल बंद.

तिने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पेट्रोल जास्त, हवा कमी, असा मिश्रणाचा कोड आला. म्हणजे समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असायला हवा. तो दिसेना. नेमक्या त्या जागी ७८६ चा स्टिकर होता. तिने नखाने कोपरा उचलला. खाली दिवा चांगला पेटलेला होता.

"अल्लाच्या नावाआड लपवलास, भाईजान?"

"डोळ्यांत खुपतो तो. कोड पुसून टाक आणि मोकळी हो."

"पुसल्याने आजार जातो का?"

ती मागे गेली. दार उघडताच धुराचा भपका आला. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून फाटला होता, सायलेन्सरचा पाइपही. कोपऱ्यातल्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती.

"ही कशाला?"

"नीरजासाठी. पहिलीतली पोरगी. सगळ्यांत लहान, म्हणून कोपऱ्यात बसवतो. रोज उलटी करते. पोट नाजूक आहे तिचं. तिच्या आईला सांगून ठेवलंय, सकाळी उपाशीच पाठवत जा. तेव्हापासून सीट तरी खराब होत नाही."

परवीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"धूर आत येतोय तुझ्या गाडीत. आणि उपाशी त्या पोरीला ठेवलंस?"

"मला शिकवू नकोस. साऱ्या खडकीला अर्धी नळी आणि सख्ख्या भावाला कायदा? गेल्या खेपेला तूच पास केलंस ना मला?"

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. भाऊ म्हणून तिने तेव्हा सायलेन्सरकडे वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आता ती त्याच्यावर आणि स्वतःवर सारखीच चिडली होती.

"तिच्या जागी बस," ती म्हणाली. "काचा लाव. इंजिन चालूच राहील. माझा चहा संपेपर्यंत बसलास, तर घालते अर्धी नळी."

"बसतो की. मी काय पहिलीत आहे?"

तो अंग चोरून कोपऱ्यात बसला. परवीन दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. तिचा चहा निम्माही संपला नव्हता, तोच मन्सूर दार ढकलून बाहेर आला आणि कपाळ दाबत फुटपाथवर बसला. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

मग तिने नळी पुरती आत घातली. गाडी नापास झाली.

मन्सूर उठला. खुंटीवरची पिशवी काढली, तिची घडी घालून खिशात ठेवली आणि फोन लावला.

"नीरजाच्या आई ना? मन्सूर बोलतोय, व्हॅनवाला. उद्यापासून गाडी येणार नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तो म्हणाला, "नाही हो ताई, तिचं पोट चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलंच होतं. उद्या तिला खाऊ घालून पाठवा."