दुसऱ्या रांगेतल्या बाई

चौऱ्याहत्तरच्या त्या सीझनमध्ये मी खेळलो कमी आणि बसलो जास्त. एरी शहराच्या बास्केटबॉल संघात मी राखीव गार्ड होतो, म्हणजे कुणाचा पाय मुरगळला की कोचला माझं नाव आठवायचं. आमच्या बाकामागे दुसऱ्या रांगेत मिसेस ग्रोहोव्स्की बसायच्या. त्यामुळे त्या जे काही ओरडायच्या ते आधी माझ्या मानेवर आदळायचं आणि मग मैदानात जायचं.

बाई साठीच्या, ठेंगण्या, गळ्याभोवती जाड लोकरी मफलर. शेजारी नवरा, वॉल्टर. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तो टाळी वाजवायचा नाही की तोंड उघडायचा नाही. मधूनच बायकोच्या कानाशी वाकायचा, आणि लगेच बाई उसळून ओरडायच्या. आम्हाला वाटायचं, बिचारा 'अगं, आता पुरे' म्हणत असेल आणि हिला त्याचाच चेव येत असेल.

त्यांचं गिऱ्हाईक एकच, वर्नेल ओक्स.

वर्नेल आमचा सेंटर आणि प्रवासात माझा खोलीतला जोडीदार. मिसिसिपीतल्या एका कापसाच्या गावचा, सात फुटाला दोन बोटं कमी. रिंगखाली चेंडू त्याच्या हातात आला की त्याला अडवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून समोरचे सरळ त्याच्या हातावर मारायचे. मग खेळ थांबायचा आणि वर्नेलला फ्री थ्रो मिळायचे. समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, रेषेवर एकट्याने उभं राहायचं आणि चेंडू टाकायचा. शाळकरी पोरं टाकतात. वर्नेलचा जायचा नाही. लोखंडावर ठण्णकन आदळायचा आणि मागून आवाज यायचा, ‘‘अरे ए लांबुळक्या! चेंडू आत टाकायचा असतो, घंटा नाही वाजवायची!’’

किंवा, ‘‘माझा नवरा झोपेत मोजे फेकतो ना, तेसुद्धा टोपलीत पडतात!’’

नाताळच्या आसपास तर कहरच झाला. वर्नेलचे दोन्ही फ्री थ्रो रिंगला न शिवताच गेले आणि बाई उभ्या राहिल्या. ‘‘लहानपणी आई दूध पाजायची, तेव्हा ते तोंडात जायचं का रे, का कानात?’’

अख्खा हॉल हसला. बाकावर आम्ही माना खाली घालून हसलो. वर्नेलला मात्र लागलं. दुसऱ्या दिवशी तो कोच कॅलनकडे गेला.

‘‘कोच, त्या बाईंना दुसरीकडे बसवा.’’

‘‘कुठे बसवू? माझ्या मांडीवर?’’ कोच म्हणाले. ‘‘लागोपाठ सामने हरतोय आपण. हॉलमध्ये माणसं शोधावी लागतात. तिकीट काढून येणाऱ्याला मी हाकलू? तू चेंडू आत टाक, बाई आपोआप गप्प बसतील.’’

मग पुढच्या दौऱ्यात हॉटेलातून वर्नेलने गावी आईला फोन लावला. मी शेजारच्या पलंगावर पडलो होतो. त्याने सगळं सांगितलं, दुधाचंही. पलीकडून इतक्या जोरात हसणं आलं की मलाही ऐकू गेलं. फोन ठेवून वर्नेल म्हणाला, ‘‘आई म्हणते, बाई खरं बोलतेय. कानातच जायचं.’’

जानेवारीत एका सामन्याला तिसऱ्या रांगेत एक दारू प्यालेला इसम येऊन बसला. वर्नेल रेषेवर उभा राहिला तेव्हा त्या माणसाने वर्नेलच्या रंगावरून एक शब्द फेकला. असले शब्द आम्ही दोघांनी जन्मभर ऐकले होते, त्यामुळे मी वळूनही पाहिलं नाही. पण मागे काहीतरी धप्पकन वाजलं. वळलो तर मिसेस ग्रोहोव्स्की आपली पर्स त्या माणसाच्या डोक्यावर दुसऱ्यांदा हाणत होत्या. पर्समध्ये कॉफीचा थर्मास होता.

‘‘मेल्या, त्याला बोलायचं तर त्याच्या खेळाला बोल! मीही बोलते. त्याच्या कातडीला नावं ठेवायची नाहीत. ऊठ! ऊठ इथून!’’

वॉल्टरने त्या माणसाची कॉलर धरली होती, मुकाट्याने. पहारेकरी त्या दारुड्याला घेऊन गेले. वर्नेल चेंडू हातात घेऊन हे सगळं बघत राहिला होता. पंचाने शिटी वाजवली, वर्नेलने चेंडू टाकला, ठण्ण.

‘‘आणि तू रे!’’ बाई कडाडल्या. ‘‘तुझ्यासाठी माझा थर्मास फुटला, निदान एक तरी आत टाक!’’

त्या सीझनमध्ये वर्नेलला मैदानात हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतरचा एक त्याने आत टाकलाही.

त्यानंतर आम्ही पश्चिमेच्या दौऱ्यावर गेलो, बहुतेक सामने हरून परत आलो, तर दुसऱ्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्या रिकाम्या. पुढच्या सामन्यालाही रिकाम्या. हॉल इतका शांत की चेंडू लोखंडावर आदळला की घुमायचा. वर्नेल प्रत्येक फ्री थ्रोआधी आमच्या बाकामागे नजर टाकायचा.

शेवटी त्याने दारावरच्या तिकीट तपासनिसाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘तुम्हाला माहीत नाही? वॉल्टर गेला. दारातला बर्फ उपसताना पडला, तो उठलाच नाही.’’

पत्ता विचारून घेऊन वर्नेल माझ्याकडे वळला. ‘‘क्लिफ, तुझी गाडी काढ.’’

‘‘वेडा आहेस का? ती पोलिश लोकांची गल्ली आहे. आपण दोघे काळे, त्यात तू असला ताडमाड. लोक पोलिसांना बोलावतील.’’

‘‘बोलावू देत. मला जायचंय.’’

गेलो. रविवार होता. चर्च सुटलं होतं, फुटपाथवरची माणसं थबकून आमच्याकडे बघत होती. दार एका शेजारणीने उघडलं आणि ती आ वासून उभीच राहिली. मागून मिसेस ग्रोहोव्स्की आल्या. काळा स्वेटर, चेहरा उतरलेला. वर्नेल घाईघाईने वाकून आत शिरायला गेला आणि त्याचं कपाळ चौकटीवर दाणकन आदळलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. मला ते फार चमत्कारिक वाटलं. इतकी सोपी संधी त्या सोडतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी बर्फ आणून फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या कपाळावर धरला.

स्वयंपाकघरात आम्हाला कोबीच्या पानात बांधलेला खिमा वाढला, वर खसखशीचा केक. आत बसलेल्या शेजारणी एकेक करून उठून गेल्या. वर्नेल नुसता खात राहिला. अखेर म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही परत या ना सामन्याला.’’

‘‘येऊन काय करू?’’

‘‘मला शिव्या द्या.’’

बाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. ‘‘अरे पोरा, मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. वॉल्टरच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, कारखान्यात असतानाच. आवाज गेला त्याचा. नुसती कुजबुज राहिली. तो कानात सांगायचा, मी ओरडायची. मोजे, घंटा, ते दुधाचं, सगळं त्याचं. मी फक्त तोंड उघडायची.’’

मला त्याचं ते कानाशी वाकणं आठवलं.

वर्नेलने हळूच विचारलं, ‘‘म्हणजे त्यांना मी आवडत नव्हतो?’’

‘‘आवडत नव्हतास? घरी येऊन जेवेपर्यंत तुझंच पुराण. ‘हे पोरगं मार खातं आणि परत रिंगखाली जातं,’ म्हणायचा. ज्याच्यावर जीव नाही त्याला माझा नवरा कशाला टोमणे मारेल? मलाही चाळीस वर्षं टोमणेच मारले त्याने.’’

‘‘मग आता तुमचं तुम्ही बोला,’’ वर्नेल म्हणाला.

‘‘माझं काय असणार?’’

आम्ही निघालो तेव्हा त्या येणार की नाही काही बोलल्या नाहीत. पण मार्चच्या सुरुवातीला त्या आल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला कोट ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. पहिला अर्धा सामना आवाज नाही. वर्नेलने फ्री थ्रो घालवले, आवाज नाही. मला मानेवर गार वाटत होतं.

दुसऱ्या अर्ध्यात वर्नेलला समोरच्याचा चांगलाच धक्का बसला, तो पडला, उठला, रेषेवर गेला. हॉल चिडीचूप. आणि मागून घोगरा, चाचरणारा आवाज आला, ‘‘वर्नेल! सकाळपासून जेवलास का नीट?’’

क्षणभर कुणाला काही कळेना. मग हॉलभर हशा पिकला. पंचसुद्धा हसला. वर्नेल गंभीरपणे वळून म्हणाला, ‘‘नाही, बाई!’’

‘‘मग चेंडू कसा जाईल? हाडं बघ दिसतायत! सामना झाल्यावर घरी ये!’’

पहिला गेला नाही. दुसराही गेला नाही. सामना आम्ही हरलो. पण त्या रात्री वर्नेल, मी आणि आणखी तिघे पोलिश गल्लीत जेवलो, आणि त्यानंतर प्रत्येक घरच्या सामन्यानंतर कुणी ना कुणी जायचंच. बाईंचं ओरडणं आता त्यांचं स्वतःचं होतं. ‘बूट ओले घालू नकोस,’ ‘त्या दाढीवाल्याशी भांडू नकोस,’ ‘घाम पूस आधी.’ खेळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. शेवटच्या सामन्यात कोचने मला उतरवलं तर त्या शेजारच्याला मोठ्याने विचारत होत्या, ‘‘हा आपलाच का? मग इतके दिवस बसून काय करत होता?’’

आम्ही खालून दुसरे आलो. उन्हाळ्यात मालकाने संघ दक्षिणेतल्या एका शहराला विकून टाकला. मला कुणी घेतलं नाही. मी माझ्या गावी, गॅरीला, जाऊन विमा विकायला लागलो. वर्नेल नव्या शहरात आणखी तीन सीझन खेळला.

त्यातल्या एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. एरीपासून दोनेक तासांवरच्या बफेलोला त्यांचा सामना होता आणि मिसेस ग्रोहोव्स्की बर्फातून बसने तिथवर आल्या होत्या, एकट्या, पिशवीत केक घेऊन.

‘‘परक्या लोकांत बसून ओरडल्या?’’ मी विचारलं.

‘‘सगळा वेळ. बफेलोवाले वैतागले.’’

‘‘काय ओरडल्या पण?’’

‘‘काय की! चिडल्या होत्या, पोलिशमध्येच सुटल्या. मला काय कळतंय? पंचावरून काहीतरी चालू होतं. केक मात्र अख्खा मी खाल्ला, कुणाला दिला नाही.’’